क्रिकेटचा हात, सॉफ्टबॉलची बॅट: मुलीची बॅटिंग कोणत्या क्रमाने सुधारायची

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात शाळेकडून सॉफ्टबॉल खेळणाऱ्या बहुतेक मुली आधी गल्लीत भावांबरोबर टेनिस बॉलचं क्रिकेट खेळलेल्या असतात. त्याचा फायदा आहे. चेंडूची नजर बसलेली असते आणि बॅट हातात परकी वाटत नाही. तोटाही तिथूनच येतो. क्रिकेटमध्ये चेंडू टप्पा पडून येतो आणि बॅट वरून खाली, सरळ येते. सॉफ्टबॉलमध्ये टप्पाच नाही. काखेपासून गुडघ्यापर्यंतच्या पट्ट्यात येणारा प्रत्येक चेंडू फुलटॉस, आणि आपल्या मुली फुलटॉसला जे करतात तेच इथं करतात: मागचा खांदा पाडून उचलून मारतात. चेंडू आभाळात जातो, शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली क्षेत्ररक्षक, दोन पावलं सरकून झेल घेते.

मग सुधारणा सुरू होते, तीही उलट्या टोकाकडून. सर सांगतात “कोपर वर”, पप्पा कुंपणाबाहेरून ओरडतात “जोरात मार”, मैत्रीण म्हणते “बॉल बघ गं”. एका चेंडूला तीन सूचना, आणि बहुतेक हातांबद्दल. हात सगळ्यात शेवटी येतात. बॅट, पकड, उभं राहणं, पाऊल, कंबर आणि मग हात, हा क्रम मोडला की आज सुधारलेलं चार दिवसांत पुन्हा बिघडतं. खालच्या प्रत्येक टप्प्याला एक तपासणी दिली आहे. ती जमल्याशिवाय पुढं जाऊ नका.

सगळं उजव्या हाताने खेळणाऱ्या मुलीला धरून लिहिलं आहे. डावखुरीसाठी बाजू उलट्या करा.

१. आधी सामान: बॅट, टी, जाळी

शाळेच्या किटमधली बॅट बहुधा मोठ्या मुलींच्या मापाची असते. नियमात बॅटची लांबी जास्तीत जास्त 34 इंच आणि वजन 38 औंस, म्हणजे साधारण 1,077 ग्रॅम चालतं. ती मर्यादा आहे, सातवी-आठवीतल्या मुलीचं माप नव्हे. 12 ते 14 वर्षांच्या मुलीला बहुतेक वेळा 28 ते 31 इंचाची, 500 ते 650 ग्रॅमची बॅट पुरते.

तपासणी: मुलीने उजव्या हातात बॅटचं मूठीकडचं टोक धरून हात खांद्याच्या रेषेत बाजूला सरळ करावा आणि वीस आकडे मोजावेत. त्याआधीच बॅट थरथरली किंवा खाली आली तर ती जड आहे. दुसरी मिळत नसेल तर मूठ दोन-तीन बोटं वर सरकवून धरायला लावा. यात कमीपणा काही नाही. उगाच लांब बॅटने उशिरा पोचण्यापेक्षा आखूड बॅटने वेळेवर पोचलेलं बरं.

टी म्हणजे सरावासाठी चेंडू ठेवायचा उभा खांब. ती विकत घ्यायलाच हवी असं नाही. रंगाच्या रिकाम्या बादलीत सिमेंट ओतून मधोमध पीव्हीसी पाइप उभा करा. त्यात बसेल असा दुसरा, थोडा बारीक पाइप घाला आणि आडवा खिळा घालून उंची कमी-जास्त होईल असं करा. गुडघ्यापासून छातीच्या खालपर्यंत चेंडू ठेवता आला पाहिजे. वरच्या टोकाला गॅरेजातून जुन्या रेडिएटरच्या रबरी पाइपचा वीतभर तुकडा आणून बसवा. बॅट रबरावर लागली तर तो वाकतो, मनगटाला दणका बसत नाही.

सावध: लोखंडी पाइपची टी करू नका. बॅटला पोचा पडतो, आणि त्याहून वाईट म्हणजे मुलगी पाइपच्या भीतीने चेंडूच्या वरच्या अंगाला मारायला शिकते.

चेंडू अडवायला दोन-तीन गोणपाटं शिवून दोरीवर सैल टांगा, मागच्या भिंतीपासून हातभर अंतर सोडून. सैल गोणपाटात चेंडू मरतो आणि खाली पडतो. थेट भिंतीवर मारलेला 12 इंच घेराचा, जवळपास 180 ते 200 ग्रॅमचा चेंडू परत तोंडावर येतो.

टॉसपासून, म्हणजे कुणी हलका टाकलेला चेंडू मारण्यापासून, पुढं हेल्मेट घातल्याशिवाय बॅट हातात नाही. आणि पायात बूट, चप्पल नाही. लाल माती ओली असली की चपलेवर पाय फिरतो आणि गुडघा जातो.

२. पकड

डावा हात नॉबजवळ, म्हणजे बॅटच्या मुठीच्या टोकाच्या गाठीजवळ, उजवा त्याला चिकटून वर. हातांचा क्रम क्रिकेटसारखाच आहे, पण धरायची पद्धत वेगळी. क्रिकेटमध्ये मूठ तळहातात खोल जाते, इथं बॅट बोटांत राहिली पाहिजे. दार ठोठावताना बोटांची जी मधली पेरं पुढं येतात, ती दोन्ही हातांची साधारण एका रेषेत आली की झालं. अगदी काटेकोर रेष नको, थोडं इकडं-तिकडं चालतं.

तपासणी: बॅट धरलेली असताना वरून बॅट ओढून बघा. अगदी सहज निसटली तर सैल, हाताच्या शिरा फुगलेल्या दिसल्या तर आवळून धरलेली. आवळलेली पकड जास्त वेळा सापडते, खास करून “जोरात मार” ऐकून ऐकून मोठ्या झालेल्या मुलींत. मनगट आवळलं की बॅट हळू फिरते.

३. उभं राहणं

पाय खांद्यांपेक्षा थोडे रुंद, गुडघे सैल, वजन टाचांवर नको, पावलांच्या पुढच्या भागावर. हात मागच्या खांद्याजवळ, छातीपासून एक मूठ दूर. कोपर वर नेऊन ताणायची गरज नाही. क्रिकेटमधून आलेली मुलगी डावं कोपर वर काढून उभी राहते, तिला फक्त “खांदे सैल सोड” सांगा, कोपर आपोआप खाली येतं.

प्लेटपासून (जिच्या शेजारी उभं राहून मारायचं ती जमिनीवरची पाटी) अंतर ठरवायला तिला कमरेत थोडं वाकून बॅट पुढं नेऊ द्या. बॅटचं टोक प्लेटच्या पलीकडच्या कडेला टेकलं पाहिजे. प्लेट 17 इंच रुंद असते. घाबरलेली मुलगी बॅटिंगच्या चौकोनाच्या बाहेरच्या रेषेला चिकटून प्लेटपासून लांब उभी राहते, मग बाहेरचा चेंडू तिच्या बॅटला सापडतच नाही आणि आपण म्हणतो, “बघत नाही ती”.

तपासणी: पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणारीच्या, जागी उभं राहून तिचे डोळे बघा. दोन्ही डोळे पूर्ण दिसले पाहिजेत. उजवा डोळा नाकाआड गेलेला दिसला तर मान वळवायची राहिली. हे एवढंसं आहे, पण अनेक मुलींचा निम्मा घोटाळा इथंच सुटतो. यानंतरच पायाकडे वळा.

४. मागे सरकणं आणि पाऊल

हा टप्पा घाईत उरकला जातो, आणि बिघाड बहुतेक वेळा इथंच सापडतो. म्हणून यावर एक-दोन आठवडे गेले तरी चालतील.

पिचरचा हात फिरायला लागला की वजन किंचित मागच्या पायावर, हात दोन-चार बोटं मागे. मग डावं पाऊल छोटं, हलकं, पिचरच्या दिशेने. छोटं म्हणजे वीतभर. पाऊल पडताना वजन त्याच्यावर कोसळू नये. अंडं फुटू नये असं ठेव, असं सांगितलं तर मुलींना पटकन कळतं. पावलाची बोटं पिचरकडे सरळ नको, बंद नको, मधल्या कोनात.

इथला मुख्य नियम: पाऊल टेकतं तेव्हा हात अजून मागेच असतात. पाऊल आणि हात एकदम पुढं आले तर ताकद निघून गेली.

याचा सराव चेंडूशिवाय करायचा. तुम्ही “एक” म्हटलं की मागे, “दोन” म्हटलं की पाऊल, आणि तिथं थांब. थांबलेली असताना तुम्ही जाऊन तिच्या हाताकडे बघा, डोक्याकडे बघा. डोकं दोन पावलांच्या मधोमध आहे ना? मग “तीन”, स्विंग. पहिल्या दिवशी मुलींना हे कंटाळवाणं वाटतं. वाटू दे.

नेहमीची चूक: पाऊल तिसऱ्या बेसकडे, म्हणजे चेंडूपासून दूर पडणं. (बेस म्हणजे पळत गाठायचं ठाणं; प्लेटवरून पिचरकडे बघताना पहिला उजवीकडे, तिसरा डावीकडे.) गल्ली क्रिकेटमध्ये लेगला सरकून ऑफला मारायची सवय लागलेली असते, पण खरं कारण बहुधा भीती. एखादा चेंडू बरगडीला लागलेला असतो. “घाबरू नकोस गं” म्हणून भीती जात नाही. तिला चेंडू अंगावर आल्यावर काय करायचं ते शिकवा: हनुवटी छातीला, डावा खांदा आत, कॅचरच्या (प्लेटमागे चेंडू झेलणारीच्या) दिशेने वळून पाठ पिचरकडे, बॅट अंगाजवळ खाली. मोज्यांचा गुंडाळा करून शिवलेला चेंडू घ्या आणि मुद्दाम तिच्या अंगावर टाका. पाच-दहा वेळा पाठीवर झेलला की ती हसायला लागते. त्यानंतर जमिनीवर चुन्याची रेष मारा, डाव्या पावलाच्या बोटांपासून पिचरकडे, आणि पाऊल रेषेवरच पडतंय का पाहा.

सावध: पाऊल बाहेर जाऊ नये म्हणून पायामागे वीट किंवा दगड ठेवण्याची पद्धत काही मैदानांवर दिसते. घोटा मुरगळतो. गुंडाळलेलं पोतं ठेवा.

५. कंबर, मग हात

पाऊल टेकलं की उजव्या पायाची टाच उचलते, गुडघा आत वळतो, कंबर पिचरकडे फिरते, आणि हात त्यांच्यामागून येतात. अंगणात बादलीभर पाणी लांब फेकताना कुणी नुसत्या हातांनी फेकत नाही, आधी पाय रोवून कंबर वळते, पाणी शेवटी सुटतं. तसंच. मुलीच्या हातात अर्धी भरलेली बादली देऊन तीनदा पाणी फेकायला लावा आणि लगेच बॅट द्या. दहा वाक्यांचं काम होतं.

हात येताना नॉब आधी चेंडूकडे जातो, उजवं कोपर बरगडीजवळून जातं. दोन्ही हात लांब करून कवेत ओढल्यासारखी बॅट आणली तर ती लांबचा फेरा घेते आणि उशिरा पोचते. महिलांच्या खेळात पिचर 43 फुटांवरून चेंडू टाकते, लहान वयोगटांत त्याहून जवळून. ताशी 70 किलोमीटरचा चेंडू 43 फुटांवरून पाऊण सेकंदाच्या आत येतो. एवढ्या वेळात लांबचा फेरा परवडत नाही.

तपासणी, फेऱ्याची: गोणपाटासमोर तोंड करून उभं करा. नॉब बेंबीला आणि बॅटचं टोक गोणपाटाला टेकेल एवढं अंतर. आता हळू स्विंग. टोक गोणपाटाला फटकन आपटलं तर हात लांब जातायत. घासून गेलं किंवा लागलंच नाही तर बरोबर. भिंतीसमोर हे करू नका.

तपासणी, कमरेची: स्विंग संपल्यावर तिथंच थांबायला सांगा. बेंबी पिचरकडे, उजव्या बुटाची नाडी पिचरकडे, उजवी टाच वर, डावा पाय जवळपास सरळ आणि कडक. उजवी टाच जमिनीला चिकटलेली असेल तर तिने नुसत्या हातांनी मारलं.

हनुवटीचंही बघा. सुरुवातीला हनुवटी डाव्या खांद्याजवळ असते, शेवटी उजव्या खांद्याजवळ. डोकं जागेवर, खांदे त्याखालून फिरतात. चेंडू कुठं गेला हे बघायच्या घाईत डोकं आधी वळलं की बॅट चेंडूच्या वरून जाते.

स्विंग पूर्ण करण्याबद्दल फार सांगायला नको. चेंडूला लागेपर्यंत उजवा तळहात आकाशाकडे, डावा जमिनीकडे. मनगटं नंतर वळतात. वरचं सगळं नीट झालं तर शेवट नीट होतो.

६. टीवर

टी चुकीच्या जागी ठेवली तर सराव उलटा पडतो. पुष्कळ जण टी प्लेटच्या बरोबर मध्ये ठेवतात आणि मुलीला तिच्या शेजारी उभी करतात. मग चेंडू पोटासमोर येतो आणि ती पोटासमोर मारायला शिकते. पाऊल टाकल्यावर जिथं डावं पाऊल पडतं, त्या रेषेत टी हवी. आतल्या चेंडूसाठी त्याहून वीतभर पुढं, बाहेरच्या चेंडूसाठी वीतभर मागे. आतला तिसऱ्या बेसच्या बाजूला, मधला पिचरवरून, बाहेरचा पहिल्या बेसच्या बाजूला गेला पाहिजे.

उंची आधी कमरेची. ती उंची जमली की गुडघ्याची, शेवटी छातीची.

चेंडू बॅटला कुठं लागतो हे डोळ्यांनी कळत नाही. चेंडू ओलसर करून लाल मातीत घोळवा आणि टीवर ठेवा. मारल्यावर बॅटवर ठसा उरतो. टोकापासून चार-सहा इंच आत, जाड भागावर ठसा हवा. मुलगी स्वतःच पळत येऊन बॅट फिरवून बघते, बोटाने पुसते, पुन्हा माती लावते. कुणी सांगावं लागत नाही. ठसे टोकाला येत असतील तर ती लांब उभी आहे, मुठीकडे येत असतील तर जवळ. चिकोडी-अथणीकडं काळी माती असेल तर ती बॅटला थापल्यासारखी बसते, तिकडं खडूची पूड बरी.

दहा-दहाचे पाच-सहा हप्ते, मधे दोन मिनिटं थांबून. प्रत्येक स्विंगच्या आधी पाय पुन्हा लावायचे. धडाधड पन्नास मारणं हा व्यायाम झाला, सराव नव्हे. तळहाताला फोड आला, मनगट किंवा पाठ दुखली की त्या दिवशी बॅट खाली.

पुढं जायची अट: दहापैकी सात चेंडू सरळ रेषेत गोणपाटाच्या मधल्या भागात. त्याआधी टॉस नाही.

७. टॉस

टॉस देणाऱ्याने मुलीच्या समोर तिरकं, साधारण दहा फुटांवर गुडघ्यावर बसावं आणि चेंडू तिच्या पुढच्या कमरेसमोर हलका टाकावा. बरोबर समोर बसायचं असेल तर मधे जाळी हवीच. मैदानावर दुसऱ्या मुली रांगेत उभ्या असतात, त्यांना बॅटच्या टप्प्याच्या चांगलं बाहेर ठेवा. टिळकवाडीतल्या लेले मैदानासारख्या ठिकाणी संध्याकाळी क्रिकेट चालू असतं, पाठमोरा क्षेत्ररक्षक नकळत मागे येतो. कुंपणाचा कोपरा धरा.

टाकणाऱ्याचीही चूक असते. चेंडू कधी डोक्यावर, कधी पायात, आणि ओरडा मुलीला. आधी दहा चेंडू रिकामे टाकून हात बसवा. आणि टाकण्याआधी हात एकदा मागे न्या, म्हणजे तिला मागे सरकायची खूण मिळते. लपवून अचानक टाकला तर चौथ्या टप्प्यात शिकलेलं सगळं मोडतं.

८. पिचिंगसमोर

आता वेळ साधायची. पिचरचा हात फिरायला लागला की मागे. चेंडू हातातून सुटल्यावर, निम्म्या वाटेला यायच्या आत पाऊल टेकलेलं. पहिले दहा-पंधरा चेंडू मारायचेच नाहीत. मागे, पाऊल, आणि फक्त “स्ट्राइक” (मारण्याजोगा) किंवा “बॉल” (पट्ट्याबाहेरचा) मोठ्याने म्हणायचं. कॅचर खरं-खोटं सांगते. मुलींना हे आवडत नाही, मारायला हात शिवशिवतात, पण खराब चेंडूला बॅट घालणं इथंच थांबतं.

पिचर हळू चेंडू टाकून फसवते तेव्हा वाचवते ती चौथ्या टप्प्यातली सवय: पाऊल पडलं तरी हात मागे राहिले असतील तर थांबता येतं.

एका सत्रात एकच सूचना. आज पाऊल, तर पाऊलच. कोपर दिसलं तरी गप्प बसा. पालकांना हेच सगळ्यात जड जातं.

चेंडू कुठं गेला त्यावरून दुरुस्ती

वर उडतोय: मागचा खांदा पडतोय, किंवा छातीवरचा चेंडू खालून मारतेय. टी छातीच्या उंचीला लावून आठवडाभर.

तिसऱ्या बेसकडे सरपटत: मनगटं लवकर वळतायत, किंवा बाहेरचा चेंडू ओढून मारतेय. बाहेरची टी.

पहिल्या बेसकडे फाउल (रेषेबाहेर): उशीर. हात लांब जातायत का आधी बघा, मग मागे सरकायला लवकर सुरुवात करायला सांगा.

तिसऱ्या बेसकडे फाउल: घाई. पाऊल आणि हात एकत्र येतायत.

सरळ मागे, जाळीवर फाउल: वेळ बरोबर आहे, बॅट किंचित खालून गेली. काही बदलू नका.

चेंडू सापडतच नाही: डोकं आधी वळतंय.

खात्री करायला मोबाइलवर स्लो मोशन काढा. फोन कमरेच्या उंचीला, पहिल्या बेसच्या बाजूने, तिची छाती दिसेल असा. दोनच क्षण थांबवून बघा: पाऊल टेकताना हात कुठं आहेत, आणि चेंडू लागताना डोळे कुठं आहेत. व्हिडिओ आधी तिला बघू द्या, बोलू द्या. नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायची घाई करू नका. काकांचे सल्ले सुरू झाले की तुमची एक सूचना बुडाली.

पावसाळ्यात आणि सामन्याआधी

खानापूर बाजूला जून ते सप्टेंबर मैदानावर पाणीच असतं, आणि शाळांच्या स्पर्धाही बहुधा त्याच सुमारास सुरू होतात. शाळेच्या व्हरांड्यात किंवा पत्र्याच्या शेडमध्ये दुसरा ते सहावा टप्पा होतो. मोज्यांचा चेंडू आणि गोणपाट पुरतं. चामड्याचा चेंडू भिजू देऊ नका, जड होतो आणि बॅटही बिघडवतो. ओल्या फरशीवर स्विंग नको, कोरडं पोतं अंथरा.

सामन्याच्या आदल्या आठवड्यात नवीन काही शिकवू नका. आदल्या दिवशी टीवर वीस-तीस चेंडू, बस.

आणि एक क्रिकेटची सवय सामन्याआधी मोडून घ्याच: चेंडू मारल्यावर बॅट हातात घेऊन पळणं. इथं बॅट सोडायची असते, पण भिरकावून नाही. मागे कॅचर आणि पंच असतात. स्विंग पूर्ण, बॅट डाव्या हाताने बाजूला खाली ठेवल्यासारखी सोडायची, आणि पहिल्या बेसकडे 60 फूट सरळ. टीवरच्या प्रत्येक हप्त्यातला शेवटचा चेंडू असा, बॅट सोडून तीन पावलं पळून, मारायला लावा.